सातचा भोंगा आणि घरातला एकच फोन

येरळाकाठ

नमस्कार मंडळी,

बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. मी पलूस तालुक्यातल्या एका गावात हायस्कूलला शिकवते, नववी-दहावीचा इतिहास-भूगोल. गेल्या महिन्यात पालकसभा झाली. विषयपत्रिकेवर सहल, गणवेश असं बरंच होतं, पण बोलणं एकाच गोष्टीवर अडकलं. "मॅडम, मोबाईलनं पोरं पार वाया गेली बघा. शाळेनंच कायतरी नियम काढा." एकजण उठून हे म्हणाले आणि अख्खा वर्ग माना हलवायला लागला.

कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव आम्हाला लांब नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथल्या लोकांनी ठरवलं की रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल बंद, ते साडेआठला पुन्हा भोंगा होईपर्यंत. सरपंच विजय मोहिते यांनी विषय लावून धरला. आशाताई, अंगणवाडीसेविका, निवृत्त शिक्षक दारोदार फिरले. परदेशातल्या वार्ताहरांनीही त्याची बातमी केली. तर आमच्या सभेत ठरलं, आपणही भोंगा लावायचा. हात वर करणाऱ्यांत मी होते.

सभेनंतर चार दिवसांनी दहावीतल्या एका मुलीची वही कोरी दिसली. अशी ती कधीच नव्हती. विचारलं तर म्हणाली, "मॅडम, घरात नियम झाला. फोन बंद." मी म्हटलं, बरंच झालं की, पुस्तक आहे ना? ती गप्प. मग म्हणाली, "विज्ञानाचं व्हिडिओवरूनच कळतंय मला." आणि दादाचा फोन? "दादाला लागतोय. त्याची भरती हाय."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिच्या घरी गेले. ओट्यावर गोडेतेलाच्या डब्याला टेकवून आईचा फोन ठेवायची ती जागा तिनं मला दाखवली. काचेला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडा, त्यावर सेलोटेप. भाकरी थापताना हात पिठाचे असतात, म्हणून करंगळीच्या पेरानं स्क्रीन सरकवायची तिला सवय लागलेली. आवाज बारीक, कारण बाहेर आजोबांची मालिका चालू. तव्यावरची भाकरी उलटायची, पुढची थापायची, आणि मधल्या वेळात अपवर्तनाचे नियम. ही तिची शिकवणी. गेल्या आठवड्यापासून तो फोन कपाटात कुलपात होता. मालिका चालूच होती. दादा माळवदावर होता, त्याच्या फोनसकट.

मी घरी आले ती अस्वस्थ होऊनच. मग रात्री-रात्री बसून या विषयावर संशोधन काय म्हणतं ते वाचायला लागले. सगळं इथं मांडत नाही, पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात १९९५ च्या सुमारास रॉबर्ट क्राउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही घरांत संगणक आणि इंटरनेट बसवून दिलं. ७३ घरं, १६९ माणसं, एक-दोन वर्षांचं निरीक्षण. १९९८ मध्ये त्यांनी लिहिलं की ज्यांनी जास्त वापरलं त्यांचं घरातल्यांशी बोलणं कमी झालं, एकटेपणा वाढला. जगभर गाजलं ते. पण त्याच मंडळींनी पुढे पाठपुरावा केला आणि २००२ मध्ये कळवलं की ते वाईट परिणाम बहुतेक विरून गेले होते. शिवाय नव्या माणसांवर केलेल्या अभ्यासात दिसलं, की ज्यांना मुळात माणसांत मिसळायची आवड होती, पाठीशी आधार होता, त्यांचं इंटरनेटनं भलं झालं. बुजऱ्या, आधार नसलेल्या माणसांचं मात्र उलट झालं. भरल्या घरात भर पडली आणि रित्या घरात होतं नव्हतं ते गेलं.

हे वाचून मला तो ओटा आठवला. 'मोबाईल पोरांवर काय परिणाम करतो' असं आपण विचारतो तेव्हा सगळी पोरं एकाच घरात राहतात असं धरून चालतो. 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत २०२३ मध्ये २६ राज्यांतल्या २८ जिल्ह्यांमधल्या १४ ते १८ वयाच्या ३४,७४५ मुलामुलींना विचारलं होतं. जवळपास ९० टक्के घरांत स्मार्टफोन आहे. पण ज्यांना वापरता येतो त्यांच्यात स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के आणि मुली १९.८ टक्के. मग 'मुलांचा मोबाईल बंद करा' हा नियम घराघरांत पोचेपर्यंत कुणाचा मोबाईल बंद होतो?

तुमच्या गावात, घरात काय चित्र आहे? विशेषतः आई-वडील आणि कॉलेजातली मुलं-मुली यांनी लिहावं. भोंगा लावायला माझा विरोध नाही, हे आधीच सांगते.

---

माणदेशी माणूस

ताई, तुमच्या शाळेतल्या पोरीबद्दल वाईट वाटलं. पण तुम्ही एका बाजूनं लिहिताय.

आमचं गाव दहिवडीजवळ. मुलगा पोलीस भरतीसाठी साताऱ्यात अभ्यासिकेत होता. सकाळी मैदान, दिवसभर अभ्यासिका, असं आम्हाला वाटायचं. एका रात्री दोन वाजून गेल्यावर माझ्या फोनवर बँकेचा मेसेज आला. पैसे कमी झाल्याचा. पाच मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. मला वाटलं कुणी चोरटा खातं रिकामं करतोय. मुलाला फोन लावला, सांगायला, की बाबा बँकेत जा सकाळी. त्यानं उचलला आणि रडायलाच लागला. पैसे लावून खेळायचा मोबाईलवरचा खेळ. पहिल्यांदा शंभर रुपये जिंकले होते म्हणे. कालवड विकून फी भरली होती त्याची.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या असल्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. चांगलं केलं. आमच्यासाठी उशीर झाला. तेव्हा संशोधन काय म्हणायचं ते म्हणू दे, माझं म्हणणं एकच, पोरांच्या हातातून हे काढा. मुलगी असो की मुलगा.

---

गलाईवाल्याचा पोरगा

मी मूळचा विट्याजवळचा. वडील गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात, त्यामुळे माझं अर्धं बालपण केरळात आणि अर्धं आजीजवळ गेलं. आता पुण्यात आकडेवारीचं काम करतो. दोघांचंही वाचलं. दोघांचंही खरं आहे, आणि दोन्ही एकाच वेळी खरं कसं असू शकतं हे सांगायचा प्रयत्न करतो. जरा लांबेल.

२०१९ मध्ये एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू शिबिल्स्की यांनी अमेरिका आणि ब्रिटनमधल्या ३,५५,३५८ किशोरवयीन मुलांची माहिती तपासली. मुलं किती समाधानी आहेत यात मुलामुलांत जो फरक दिसतो, त्यातला किती फरक डिजिटल उपकरणांच्या वापराशी जोडता येतो? जास्तीत जास्त ०.४ टक्के. रुपयातला अर्धा पैसाही नाही. त्याच माहितीत नेहमी बटाटे खाण्याचा आणि समाधान कमी असण्याचा संबंध जवळपास तेवढाच निघाला, आणि चष्मा असण्याचा त्याहून जास्त. म्हणजे बटाट्यानं माणूस दुःखी होतो असं नाही. एवढ्या बारीक आकड्यावरून घाबरून जाऊ नये, इतकाच त्याचा अर्थ.

पण माणदेशी काका, सरासरीत तुमचा मुलगा दिसत नाही. सातारा जिल्ह्याच्या पावसाची सरासरी काढली तर महाबळेश्वरचा पाऊस माणच्या खात्यावर जमा होतो. कागदावर जिल्हा हिरवागार आणि तुमच्या विहिरीत मात्र खडक. मोबाईलचं तसंच आहे. बहुतेक मुलांवर थोडासा परिणाम, काहींचा फायदा, आणि काही घरं पार उद्ध्वस्त. हे सगळं एकत्र मिसळलं की आकडा बारीक येतो.

म्हणून याच संशोधकांनी पुढे वयानुसार वेगवेगळं बघितलं. २०२२ मध्ये आलेल्या त्यांच्या ब्रिटनमधल्या अभ्यासात दिसलं की सोशल मीडियाचा वापर वाढल्यावर वर्षभरानं समाधान कमी होण्याचा संबंध मुलींमध्ये ११ ते १३ या वयात दिसतो, मुलांमध्ये १४-१५ व्या वर्षी, आणि पुन्हा दोघांतही १९ च्या सुमारास. एकोणिसावं म्हणजे घर सोडायचं, भरतीचं, कॉलेजचं वय. तुमचा मुलगा साधारण त्याच वयाचा असणार.

आणखी एक. फेसबुक २००४ मध्ये हार्वर्डात सुरू झालं आणि मग एकेका कॉलेजात पोचलं, सगळीकडे एकदम नाही. काही अर्थशास्त्रज्ञांनी या मागेपुढे होण्याचा फायदा घेतला. जिथं आधी पोचलं आणि जिथं अजून पोचलं नव्हतं, अशा कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांची तुलना केली. फेसबुक आल्यावर विद्यार्थ्यांचं मानसिक आरोग्य खालावलं, विशेषतः नैराश्य वाढलं, असं निघालं. कारण बहुधा हे, की दुसऱ्यांचं बघून आपलं आयुष्य कमी वाटायला लागणं. नुसता 'संबंध' दाखवण्यापेक्षा हा पुरावा जास्त वजनाचा. त्यामुळे 'संशोधन म्हणतं काही होत नाही' असं कुणी म्हणू नये.

---

अमृता_कराड

पावसाच्या उदाहरणासाठी +१. आता नीट कळलं.

---

वारणेचा जुना माणूस

येरळाकाठ मॅडम, तुमच्या 'भरल्या घरात भर' या वाक्यावर मला लिहिल्याशिवाय राहवेना. इंटरनेट आमच्या भागात मोबाईलवरून आलं असं सगळे समजतात. आमच्याकडे ते १९९८ ला संगणकावरून आलं. वारणा प्रकल्प. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यातली ७० गावं, गावात संगणकाची खोली, ऊस उत्पादकांसाठी. मी वाळवा तालुक्यातल्या अशा एका गावात त्या खोलीत बसायचो. वय तेव्हा बावीस.

उद्घाटनाच्या भाषणांत ऐकलं होतं की आता शेतकरी जगभरचे बाजारभाव बघणार, गावातल्या मुलांना ज्ञानाचं भांडार खुलं होणार. खोलीत बसल्यावर जी माणसं आली त्यांचे प्रश्न तीन. माझी तोड कधी? माझं वजन किती बसलं? बिल निघालं का? खत किती उचललंय हा चौथा. एवढ्यासाठी लोक रांग लावायचे आणि त्याची गरज खरोखर होती, कारण त्याआधी त्यासाठी कारखान्यावर हेलपाटा पडायचा. ते काम मी मनापासून केलं.

पण खोलीत बाई क्वचितच यायची. ऊस तिनं भांगललेला, पण नोंद मालकाच्या नावाची. ज्याच्या नावावर नोंद, त्याचा प्रश्न. ज्याच्या नावावर काहीच नाही त्यानं त्या संगणकाला विचारायचं तरी काय? शेतमजुरांपैकी कुणी तर उंबऱ्याच्या आत आलेलं मला आठवत नाही. कुणी अडवलं नव्हतं त्यांना.

पुढे बंगळूरहून मायक्रोसॉफ्ट रिसर्चची मंडळी आली. त्यांनी बघितलं की एवढ्या महागड्या संगणकावर होतंय ते सगळं साध्या मोबाईलच्या एसएमएसवर होऊ शकतं. सात गावांत आठ महिने तसं करून दाखवलं. शेतकऱ्यांना तेच आवडलं. त्या संस्थेच्या सुरुवातीपासून तिथं असलेले केंतारो तोयामा नंतर सगळीकडे सांगत आले की तंत्रज्ञान माणसाच्या मनात आणि समाजात आधीच जे असतं ते मोठं करतं, नसलेलं आणून देत नाही. मी पुस्तकी माणूस नाही, पण ते वाचलं तेव्हा वाटलं, हे तर मी त्या खोलीत रोज बघत होतो.

---

जावळीची_१९

मॅडम, तुम्ही मुलींनी लिहावं असं म्हटलंत म्हणून लिहिते. पहिल्यांदाच लिहितेय इथं.

मी साताऱ्यात नर्सिंगला आहे. गाव जावळीत, डोंगरात. दहावीला असताना गावात रेंज नव्हती, टाकीवर चढून बसलं की यायची. तेव्हा आईच्या फोनवर एका अनोळखी माणसाचे मेसेज यायला लागले. घाण फोटो. मी घाबरले आणि आईला सांगितलं. आईनं बाबांना सांगितलं. बाबांनी फोन काढून घेतला, टाकीवर जायचं बंद, मैत्रिणीकडे जायचं बंद. कुणी मला मारलं नाही की शिव्या दिल्या नाहीत. पण शिक्षा मला झाली आणि त्या माणसाचं काहीच झालं नाही.

पुढे अकरावीला पुन्हा तसंच झालं, दुसऱ्याच नंबरवरून. यावेळी मी घरी सांगितलंच नाही. का सांगीन? आठ महिने एकटीनं सहन केलं. शेवटी होस्टेलच्या एका ताईनं नंबर ब्लॉक कसा करायचा, तक्रार कशी करायची ते दाखवलं. दोन मिनिटांचं काम होतं ते.

माणदेशी काका, तुमच्या घरचं वाचून डोळ्यात पाणी आलं. पण 'पोरांच्या हातातून काढा' असं म्हणाल तेव्हा एवढं लक्षात ठेवा, की ज्या मुलीचा फोन काढून घेतला जातो ती पुढच्या वेळी बोलत नाही. तुमच्या मुलानं त्या रात्री फोन उचलला आणि तुम्हाला सांगितलं. ते फार मोठं आहे.

---

येरळाकाठ

जावळीची, लिहिलंस याबद्दल तुझे आभार कसे मानू कळत नाही. 'असर'च्या त्याच पाहणीत हेही आहे की सोशल मीडिया वापरणाऱ्या मुलामुलींपैकी साधारण निम्म्यांनाच सुरक्षिततेच्या सेटिंग माहीत होत्या, आणि त्यातही मुलांपेक्षा मुलींना कमी. मी हे वाक्य वाचून पुढे गेले होते. तुझ्यामुळे परत मागे आले. पुढच्या आठवड्यात माझ्या नववीच्या आणि दहावीच्या मुलींना ब्लॉक आणि तक्रार कशी करायची ते मी स्वतः दाखवणार आहे. मला आधी शिकावं लागेल, शिकते.

वारणेचे काका, 'कुणी अडवलं नव्हतं त्यांना' हे तुमचं वाक्य वर्गात वापरू का?

---

वारणेचा जुना माणूस

वापरा की मॅडम. खुशाल वापरा.

---

जत पूर्वभाग

सगळी चर्चा तरुण पोरांची चाललीय. मोठ्यांचं कोण बोलणार?

सप्टेंबर २०२२. आमच्या तालुक्यातलं लवंगा गाव. उत्तर प्रदेशातले चार साधू विजापूरकडून पंढरपूरला निघालेले. वाटेत त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला, आणि मुलं पळवणारी टोळी समजून लोकांनी त्यांना पट्ट्या-काठ्यांनी मारलं. त्या दिवसांत मुलं पळवणाऱ्यांचे मेसेज प्रत्येकाच्या फोनवर होते. माझ्याही होता. मी तो माझ्या बहिणीला पाठवला होता, काळजीपोटी. नंतर बातमी आल्यावर तो मेसेज परत उघडून बघितला. त्यात गाव नाही, तारीख नाही, नाव नाही. फोटोतली माणसं आपल्याकडची वाटतही नव्हती. मी बी.ए. झालेला माणूस आहे.

चार वर्षं आधी, १ जुलै २०१८ ला, धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला अशाच अफवेनं पाच जणांचा जीव घेतला. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं, मंगळवेढ्याकडची. मंगळवेढा आम्हाला शेजार. त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असा नियम केला. तरी लवंगा झालंच.

भिक्षेकऱ्याकडे, साधूकडे, भटक्यांकडे संशयानं बघायची सवय आम्हाला मोबाईलनं लावली का? ती होतीच. मेसेजनं तिला एका दुपारी पन्नास माणसं आणि काठ्या मिळवून दिल्या. वारणेच्या काकांनी सांगितलं ना, असलेलं मोठं करतं, त्याचा मी साक्षीदार आहे. आणि त्या काठ्या धरणारी बहुतेक माणसं तरुण पोरं नव्हती, त्यांचे बाप होते.

---

सांगली गावभाग

जतकरांच्या प्रतिसादाला दुसरी बाजू म्हणून नाही, फक्त जोड म्हणून सांगतो. ऑगस्ट २०१९ चा महापूर. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आम्ही वरच्या मजल्यावर अडकलो, लाईट नाही. 'कोयना फुटली' असा मेसेज आला आणि शेजारच्या आजी देवघरासमोर बसून राहिल्या. माझा पुतण्या तेव्हा बारावीला. तो पाटबंधारे खात्याचे पाण्याच्या पातळीचे आकडे दर तासाला बघायचा, पाठच्या पानावर वहीत लिहायचा आणि जिन्यात उभं राहून सगळ्यांना ओरडून सांगायचा. फोन चार्ज करायला एकाच्या गाडीची बॅटरी. सगळ्या इमारतीत बातमी खरी की खोटी हे ओळखता येणारा तो एकटाच होता. घरात त्याला तोपर्यंत 'मोबाईलवेडा' म्हणायचे.

---

माणदेशी माणूस

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. दोनदा वाचले. जावळीच्या मुलीनं लिहिलेलं बायकोला वाचून दाखवलं.

मुलाचं सांगतो. तो आता घरीच आहे. साधा बटणांचा फोन दिलाय. शेळ्या बघतो, कुणाशी बोलत नाही. रात्री झोपत नाही. मी चांगलं केलं की वाईट हेच मला कळत नाही. गलाईवाले, तुम्ही शिकलेले आहात, तुमचं संशोधन याबद्दल काय म्हणतं?

---

गलाईवाल्याचा पोरगा

काका, मी आकड्यांचा माणूस आहे, डॉक्टर नाही. फोन नाही, पण फोनवरची एखादी गोष्ट पूर्ण बंद केल्यावर काय होतं यावर एक चांगला प्रयोग झालाय तो सांगतो. अमेरिकेत २०१८ च्या निवडणुकीआधी संशोधकांनी लोकांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावलं, आणि कुणी बंद ठेवायचं हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं. बंद ठेवणाऱ्यांचा दिवसाला सुमारे एक तास वाचला. तो वेळ काहींनी टीव्हीपुढे घालवला, काहींनी घरच्या माणसांत आणि मित्रांत. त्यांना थोडं बरं वाटलं. फार नाही, थोडं. आणि चार आठवडे संपल्यावरही त्यांनी फेसबुक आधीपेक्षा कमी वापरलं. पण ती माणसं स्वतःहून तयार झाली होती, आणि रिकाम्या झालेल्या तासात जायला त्यांना कुणीतरी होतं.

तुमचा मुलगा झोपत नाही आणि बोलत नाही, ही गोष्ट फोनच्या पलीकडे गेलीय. सरकारची 'टेली-मानस' ही मोफत सेवा आहे, नंबर १४४१६, मराठीत बोलतात. साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञांना दाखवा. लाज वाटू देऊ नका त्याला आणि तुम्हीही वाटून घेऊ नका. आणि शक्य झालं तर त्याला पुन्हा पहाटे मैदानावर पाठवा. एकट्याला नाही, गावातल्या दुसऱ्या पोरांबरोबर. मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, या रविवारी मी विट्याला येतोय. तिथून दहिवडी दूर नाही.

---

माणदेशी माणूस

केला आहे व्यनि.

---

जावळीची_१९

काका, १४४१६ ला आधी तुम्ही स्वतः लावा. मग त्याच्याजवळ बसून लावा. आम्हाला प्रशिक्षणात असंच सांगितलंय, घरच्यांनीही बोललेलं चालतं.

---

येरळाकाठ

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितेय.

शाळेत दुसरी सभा घेतली, या वेळी फक्त आयांची. भोंग्याचा विषय पुन्हा काढला. एक बाई, बचत गट चालवतात त्या, म्हणाल्या, "मॅडम, सात वाजता भोंगा वाजवून काय करू? सातला मी दूध घालाय जाती. पोरगी चुलीपाशी. त्या येळंला पुस्तक घिऊन बसणार कोण? पोरगा."

मी इतके दिवस या विषयावर वाचतेय, पण हे मला कुठल्याच संशोधनानं सांगितलं नव्हतं आणि माझ्याही लक्षात आलं नव्हतं. शांततेचा दीड तास गावाला मिळाला, तरी तो ज्याचे हात मोकळे त्याचाच. मग वेळेवरच चर्चा झाली. डेअरीची गाडी साडेसातला जाते, स्वयंपाक आठपर्यंत उरकतो, म्हणून भोंगा सव्वाआठला आणि पावणेदहाला. पोरी पेंगतील म्हणून कुणी नको म्हणालं. मग दुसरीनं विचारलं, भाकरी पोरानं थापली तर काय झालं? हसल्या सगळ्या, पण तिघींनी घरी करून बघतो म्हटलंय. ग्रामसभेत पुढच्या महिन्यात विषय आहे. सरपंचांची अट एकच, बंद म्हणजे आजोबांची मालिकाही बंद. याला सगळ्यात जास्त विरोध होणार हे मला दिसतंय.

त्या मुलीचा फोन कपाटातून बाहेर आलाय. तिच्या आईनं दाराच्या मागच्या बाजूला खडूनं वेळ लिहून ठेवलीय, फोन रोज एक तास तिचा, त्या तासात दादानंही मागायचा नाही. काल वर्गात तिनं प्रकाशाचं अपवर्तन फळ्यावर काढून दाखवलं. किरणाची रेघ काढताना खडू तिनं करंगळीला टेकवून धरला होता.

ब्लॉक कसं करायचं ते शिकवायच्या तासाला नववी-दहावीच्या मुली होत्या, आणि खिडकीशी आठवीच्या काही येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनाही आत घेतलं. ११ ते १३ ची गोष्ट गलाईवाल्यांनी लिहिली होती म्हणून. आता सातवीचं कसं करायचं, कुणी सांगू शकेल का? त्यांच्या आयांना बोलवावं की आधी मुलींना?